एक तास, दोन वह्या

शाळा सुटल्यावर "आज वर्गात काय झालं?" असं शिक्षकांना विचारलं तर एक उत्तर मिळतं आणि त्याच वर्गातल्या मुलीला विचारलं तर दुसरंच. बाई म्हणतात, "आज अपूर्णांकांचा भागाकार पुरा झाला." मुलगी घरी सांगते, "आज बाईंनी माझी वही सगळ्यांना दाखवली." दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नसतं. तास एकच असतो, पण त्या तासात महत्त्वाचं काय घडलं याबद्दलची दोघींची निवड वेगळी असते.

वर्गात निदान चाचणी असते, वह्या तपासायच्या असतात, त्यामुळे काय पोचलं याचा थोडा तरी अंदाज येतो. पण ज्या ठिकाणी फक्त दोन माणसं बंद खोलीत बसून बोलतात आणि त्या बोलण्यालाच उपचार म्हणतात, तिथे काय पोचलं हे कसं कळायचं? आम्ही मानसोपचाराबद्दल बोलतो आहोत. मानसोपचार म्हणजे इथे गोळ्या-औषधं नव्हेत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मुदतीसाठी, मनाच्या त्रासाबद्दल प्रशिक्षित माणसाशी केलेला संवाद एवढाच अर्थ धरू. त्याचाही बहुधा 'तास'च असतो, पन्नासेक मिनिटांचा. त्या तासात रुग्णाला कशाबद्दल बोलायचं असतं, उपचारकाला कशाबद्दल बोलायचं असतं, आणि या दोन इच्छांची गाठ पडते का, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचं उत्तर शोधायला विज्ञानाला बराच वेळ लागला. या प्रश्नावर प्रकाश टाकणारं एक जुनं पुस्तक आज आपण तपासून पाहू. त्याची वाहवा पुष्कळ झाली आहे. त्यातून नेमकं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

नोंद कोणाची?

आधी थोडी पार्श्वभूमी. बोलण्यातून उपचार ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात आकाराला आली. पण त्या बोलण्याची नोंद कोण करत होतं? फक्त डॉक्टर. १९१२ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी डॉक्टरांना सल्ला दिला, की रुग्ण बोलत असताना टिपणं घेऊ नका, त्यामुळे लक्ष विचलित होतं. ते स्वतः दिवसाचं काम संपल्यावर संध्याकाळी आठवणीतून लिहीत. सल्ल्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण त्याचा परिणाम असा झाला, की ज्या नोंदींवर एक अख्खी विचारसरणी उभी राहिली त्या नोंदी एकाच्या आठवणीतून गाळून आलेल्या होत्या. प्रयोग करणारा, निरीक्षण करणारा आणि निष्कर्ष काढणारा एकच. प्रयोगशाळेत असं कुणी केलं तर आपण त्याला हटकू.

यात पहिला मोठा बदल अमेरिकेत झाला. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एका रुग्णाच्या सगळ्या बैठका शब्दशः छापल्या. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करून ते संवाद उतरवून घेतले होते. आता तिसऱ्या माणसालाही कळू लागलं, की खोलीत कोण किती बोलतं, विषय कोण बदलतं, प्रश्न कुणाचे आणि उत्तरं कुणाची.

पण ध्वनिमुद्रणाचीही एक मर्यादा आहे. ते उच्चारलेलं पकडतं. रुग्णाच्या ओठांवर आलेलं पण न बोललेलं वाक्य त्यात नसतं. उपचारकाने कष्टाने जुळवलेलं वाक्य रुग्णाने ऐकलं, की तो त्या वेळी खिडकीबाहेर बघत दुसराच विचार करत होता, हे तबकडी सांगू शकत नाही. त्यासाठी दोघांनाही विचारायला हवं, तेही लगेच आणि वेगवेगळं.

पुस्तक कसं घडलं

आयर्व्हिन यालोम हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे एक तरुणी उपचार घेत होती. पुस्तकात तिचं नाव गिनी एल्किन असं आहे. ते तिचं खरं नाव नव्हे. ती आधी यालोम यांच्याच गटोपचारात होती आणि तिथे तिची फारशी प्रगती झाली नव्हती. ती लेखिका होती, हातात कला होती, पण लिहिणं अडलेलं होतं. फी देण्याइतके पैसे तिच्याजवळ नव्हते.

यालोम यांनी तिच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. फी नको. त्याऐवजी प्रत्येक बैठकीनंतर तिने त्या बैठकीचा प्रामाणिक वृत्तान्त लिहायचा. समोर बोलता न आलेलंसुद्धा त्यात लिहायचं. यालोमही आपला वृत्तान्त लिहिणार. दोघांनी आपापली पानं यालोम यांच्या सचिवाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी एकमेकांची पानं वाचायची. हा क्रम सुमारे दोन वर्षं चालला. १९७४ साली हे दोन्ही वृत्तान्त एकत्र छापले गेले. पुस्तकाचं नाव 'एव्हरी डे गेट्स अ लिटल क्लोजर', आणि उपशीर्षकाचा भावार्थ 'दोनदा सांगितलेला उपचार'. मुखपृष्ठावर लेखक म्हणून दोघांचीही नावं आहेत. रुग्णाचं नाव सहलेखक म्हणून छापणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती आणि आजही नाही.

पुस्तकाची मांडणी अगदी साधी आहे. तारीख, मग एकाची नोंद, मग दुसऱ्याची. कुरोसावा यांचा 'राशोमोन' (१९५०) पाहिलेल्यांना त्याची आठवण होईल. तिथे एकाच घटनेचे साक्षीदार वेगवेगळी हकिगत सांगतात. पण एक फरक आहे. 'राशोमोन'मध्ये प्रत्येकाला काही ना काही लपवायचं असतं. इथे दोघंही आपल्या परीने खरंच सांगायचा प्रयत्न करत आहेत, आणि तरीही चित्र जुळत नाही.

काय दिसलं

यालोम यांच्या नोंदींत वारंवार येतात ते त्यांनी लावलेले अर्थ. तिच्या वागण्यामागे काय आहे, आजच्या अमुक गोष्टीचं मूळ कशात आहे, आपल्या दोघांच्या नात्यात ती काय पुन्हा पुन्हा करते आहे. यालोम यांचा भर 'इथे आणि आता' यावर असतो, म्हणजे बाहेरच्या आयुष्याबद्दल बोलता बोलता या खोलीत आपल्या दोघांत काय चाललं आहे याकडे वळणं. त्यांना बोलायचं होतं ते याबद्दल. आपण लावलेल्या एखाद्या नेमक्या अर्थाचं त्यांना समाधानही वाटे. चांगलं उदाहरण सापडल्यावर शिक्षकाला वाटतं, तसंच हे समाधान.

गिनीच्या नोंदींत या अर्थांचा फारसा पत्ताच नाही. पुढे यालोम यांनी स्वतःच कबूल केलं आहे, की मला जे मोलाचं वाटत होतं ते तिने ऐकलंही नव्हतं. तिला मोलाच्या वाटल्या त्या लहान गोष्टी. डॉक्टरांची मायेची नजर. ती कशी दिसते याबद्दल ते बोललेला एखादा चांगला शब्द. उशीर झाला तेव्हा त्यांनी मागितलेली माफी. तिच्या तिरकस विनोदावर त्यांना आलेलं हसू. शरीर सैल सोडून शांत कसं व्हायचं हे त्यांनी शिकवलं, ते. यांतल्या बहुतेक गोष्टींना यालोम 'उपचार' म्हणत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते उपचाराच्या मधल्या मोकळ्या जागेतलं वागणं होतं.

हे वाचताना कोणाही शिक्षकाला थोडं अस्वस्थ वाटेल. आपण फळ्यावर जे लिहितो तो धडा, आणि वर्गात शिरताना आपण जसे बघतो ते काहीच नाही, अशी आपलीही समजूत असते.

घाईचा निष्कर्ष

या पुस्तकाचा हवाला अनेकदा असा दिला जातो: "पाहा, सिद्धान्त, तंत्र, शिक्षण हे सगळं फोल, माया हेच औषध." ऐकायला हे फार गोड वाटतं. आम्हांला मात्र हा निष्कर्ष पुस्तकापेक्षा मोठा वाटतो. त्याची कारणं एकेक करून पाहू.

पहिलं, या वह्या खासगी नव्हत्या. आपलं लिहिणं काही महिन्यांनी समोरचा वाचणार आहे हे दोघांनाही माहीत होतं. वाचणारा माहीत असला की लेखणी त्याच्याकडे बघून चालते. डॉक्टर आपला विचार किती खोल आहे हे दाखवील, रुग्ण आपली कृतज्ञता दाखवील. दोघंही प्रामाणिक असले तरी हे होऊ शकतं.

दुसरं, गिनीची वही हीच तिची फी होती. म्हणजे प्रत्येक नोंद लिहिताना ती एका अर्थाने देणं फेडत होती. ज्याने आपल्यावर उपकार केले त्याच्याबद्दल लिहिताना "तुमचं आजचं बोलणं मला कंटाळवाणं वाटलं" हे वाक्य किती जड जात असेल याचा विचार करावा.

तिसरं कारण आम्हांला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची चर्चा फारशी दिसत नाही. गिनी ही 'रुग्ण' होती तशीच 'लेखिका' होती. कथा लिहिणाऱ्याची नजर माणसाच्या हालचाली, आवाज, हसणं यांवर ठरते. सूत्रांवर ठरत नाही. यालोम यांची नजर अर्थ शोधायला शिकलेली. तेव्हा दोन वह्यांतला फरक हा रुग्ण आणि उपचारक यांच्यातला आहे, की लेखिका आणि डॉक्टर यांच्यातला? एखादा इंजिनिअर त्या खुर्चीत बसला असता तर त्याच्या वहीत कदाचित मुद्द्यांची यादी मिळाली असती. एका जोडीवरून हे ठरवता येत नाही.

चौथं, लक्षात राहणं आणि उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांनी भेटलेल्या विद्यार्थ्याला गणिताच्या सरांचा विनोद आठवतो, लसावि काढायची रीत कधी शिकलो ते आठवत नाही. पण रीत त्याला येते. तसंच गिनीने जे लिहिलं नाही त्याचा तिच्यावर परिणाम झालाच नाही, असं म्हणता येणार नाही. उलट बाजूनेही हेच खरं. तिला जे आवडलं त्यानेच ती सावरली, असंही नव्हे.

पाचवं, छापील पुस्तकाची रचना एका बाजूच्या हातात होती. डॉक्टरांचं नाव खरं, रुग्णाचं बदललेलं. पुस्तकाच्या संपादक मेरिलिन यालोम या साहित्याच्या प्राध्यापिका, आणि डॉक्टरांच्या पत्नी. यात कुणाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण दोन वह्या समान तोलाच्या आहेत असं पुस्तक सुचवतं, तितक्या त्या समान नाहीत, हे वाचकाने ध्यानात ठेवलं पाहिजे.

मग उरतं काय?

इतक्या हरकतींनंतर एक गोष्ट तरीही शिल्लक राहते, आणि ती मोठी आहे. एक अभ्यासू, अनुभवी, रुग्णाबद्दल कळकळ असलेला उपचारक दर आठवड्याला बैठकीनंतर लगेच लिहायला बसतो, आणि तरीही आपल्या बोलण्यातलं समोर काय पोचतं आहे हे त्याला कळत नाही. ते कळायला त्याला तिची वही वाचावी लागली.

एका उदाहरणावरून सामान्य नियम मांडता येत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण एका उदाहरणाने सामान्य नियम मोडता येतो, हेही आपण शिकवतो. 'सगळे कावळे काळे असतात' हे विधान पाडायला एक पांढरा कावळा पुरतो. 'काय पोचलं हे मुरलेल्या उपचारकाला आतूनच कळतं' या समजुतीला गिनीची वही हा पांढरा कावळा आहे. तो किती वेळा आढळतो, हे सांगायला मात्र मोठे अभ्यासच लागतात.

एका जोडीपलीकडे

असे अभ्यास पुढे झाले. १९७९ साली एडवर्ड बोर्डिन यांनी उपचारातल्या नात्याची एक नेमकी व्याख्या मांडली. तिचे तीन भाग आहेत: आपण कशासाठी भेटतो आहोत यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. लोकांच्या लक्षात राहतो तो फक्त तिसरा भाग. पहिले दोन भाग उद्दिष्ट आणि कामाबद्दलचे आहेत, म्हणजेच कशाबद्दल बोलायचं याबद्दलचे.

या तिन्हींचं मोजमाप करण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. १९९१ साली होर्वाथ आणि सायमंड्स यांनी चोवीस अभ्यास एकत्र करून पाहिले. नातं चांगलं असेल तिथे उपचाराचं फळही चांगलं, असा संबंध दिसला. शिवाय त्या संकलनात, नात्याला उपचारकाने दिलेल्या गुणांपेक्षा रुग्णाने दिलेल्या गुणांवरून पुढच्या फळाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. २०१८ साली फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास एकत्र केले, त्यांत ३०,०००हून अधिक रुग्ण होते. नातं आणि फळ यांच्यातला सहसंबंध सुमारे ०.२८ आला.

हा आकडा कसा वाचायचा? सहसंबंध ० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध. ०.२८चा वर्ग करा: साधारण ०.०८. म्हणजे रुग्णारुग्णांमध्ये फळाचा जो फरक दिसतो त्यातला सुमारे ८ टक्के भाग या नात्याशी जोडता येतो. 'माया हेच औषध' म्हणणाऱ्यांना हा आकडा फार लहान वाटेल. पण उपचारात मोजता येणाऱ्या इतर अनेक गोष्टींच्या तुलनेत तो लहान नाही, आणि इतक्या अभ्यासांत तो पुन्हा पुन्हा सापडतो. अर्थात सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. ज्याला बरं वाटू लागलं त्याला उपचारकही आवडू लागतो, असंही होऊ शकतं.

न बोललेलं

गिनीच्या वहीत दुसरीही एक गोष्ट होती: समोर बोलता न आलेलं लिहायची मुभा. ही मुभा नसलेल्या लोकांचं काय होतं? २०१६ साली ब्लँचर्ड आणि फार्बर यांनी मानसोपचार घेतलेल्या ५४७ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. आपण उपचारकाशी निदान एखाद्या विषयावर खोटं बोललो, असं ९३ टक्के लोकांनी सांगितलं. हे भाग घेणारे आपणहून पुढे आलेले होते आणि पाहणी अमेरिकेतली होती. तेव्हा हा आकडा जसाच्या तसा सगळीकडे लावता येणार नाही. पण सर्वांत जास्त आढळलेलं खोटं कोणतं, हे पाहण्यासारखं आहे. ते चोरीचं किंवा लफड्याचं नव्हतं. ते होतं "मला वाटतं तितका त्रास होत नाही" हे. निम्म्याहून अधिक लोकांनी आपला त्रास कमी करून सांगितला होता. उपचाराचा उपयोग होतो आहे असं भासवणारेही बरेच होते.

विचार करा. माणूस वेळ आणि पैसा खर्च करून ज्या दुखण्यासाठी जातो तेच तिथे लपवतो. का? समोरच्याला वाईट वाटू नये, आपली लाज जाऊ नये, आपण दुबळे दिसू नये म्हणून. वर्गात "समजलं का?" म्हटल्यावर एका सुरात "हो" येतो, त्यातले काही 'हो' याच जातीचे असतात.

गरज एक, विषय दुसरा

पुस्तकाची आणखी एक मर्यादा तेव्हाच लक्षात येते जेव्हा आपण त्याच्या शेजारी दुसरं पुस्तक ठेवतो. १९७० साली, म्हणजे चार वर्षं आधी, लंडनमध्ये जॉन मेयर आणि नोएल टिम्स यांचं 'द क्लायंट स्पीक्स' निघालं होतं. एका कुटुंब-कल्याण संस्थेकडे मदतीसाठी आलेल्या कामगार वर्गातल्या लोकांना त्यांनी विचारलं, की तुम्हांला तिथे काय अनुभव आला. इथले उपचारक म्हणजे समाजकार्यकर्ते. पण त्यांचं शिक्षण मनोविश्लेषणाच्या वळणाचं होतं.

एखादी बाई आली, की तिची अपेक्षा असे: नवऱ्याला कुणीतरी समज द्यावी. कार्यकर्ता तिलाच विचारी, तुम्हांला काय वाटतं, तुमचं बालपण कसं होतं. बाईंना कळेना, की तक्रार नवऱ्याची आणि चौकशी माझी का? कुणाला थकलेल्या भाड्याचा प्रश्न असे. त्याच्याशीही संवाद भावनांचा चाले. कार्यकर्ते बेफिकीर नव्हते. आपण मुळाशी जातो आहोत अशी त्यांची श्रद्धा होती. लोकांनी मात्र अर्थ लावला, की यांना आपल्यात रस नाही, किंवा आपल्यावर विश्वास नाही. सर्वांत वाईट भाग असा, की दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी समजून चालल्या आहेत हे कुणीच उघडपणे बोललं नाही. लोक येईनासे झाले.

गिनीला वही होती, भाषा होती, वेळ होता. तिच्या आणि डॉक्टरांच्या वाचनात, शब्दसंग्रहात, जगात पुष्कळ सारखेपणा होता. तरी इतका फरक पडला. जिथे भाषा, पैसा आणि शिक्षण यांचीच दरी आहे तिथे काय होत असेल, याचं उत्तर यालोम यांच्या पुस्तकात मिळत नाही. मेयर आणि टिम्स यांच्या पुस्तकात मिळतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आपल्याकडेही हा प्रश्न मांडला गेला आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरू-शिष्य नात्याचा उपचाराच्या संदर्भात विचार मांडला. पाश्चात्त्य पद्धतीत उपचारक सहसा सल्ला देत नाही, रुग्णाने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा असते. भारतीय रुग्ण मात्र अनेकदा मार्ग दाखवणारा माणूस शोधत येतो. गुरूच्या कल्पनेचे धोके आपल्याला ठाऊक आहेत. शंका विचारायची सोय नसेल तर शिष्याची वही कोरीच राहते. पण नेकींचा मूळ मुद्दा विसरू नये: रुग्ण काय मागायला आला आहे याचा विचार उपचारकाने आधी केला पाहिजे.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी २०१२ साली ६६९ अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं, की साधारण पाचातला एक रुग्ण उपचार मध्येच सोडतो. सगळेच गैरसमजातून सोडतात असं नाही. कुणाला अंतर आड येतं, कुणाला खर्च. पण जो "हे माझ्यासाठी नाही" असं मनात म्हणून निघून जातो, त्याची वही कुणाच्याच हाती लागत नाही.

पुस्तकाचं खरं मोल

तेव्हा आमचं मत असं. 'एव्हरी डे गेट्स अ लिटल क्लोजर' हे पुस्तक पुरावा म्हणून अशक्त आहे, पण पद्धत म्हणून ते फार मोलाचं आहे. डॉक्टर श्रेष्ठ की रुग्ण, तंत्र की माया, या वादाचा निकाल त्यातून लागत नाही. त्यातून एक साधी कृती मिळते: दोघांनी वेगवेगळं लिहा आणि मग ताडून पाहा. विज्ञानात एका उपकरणाच्या वाचनावर आपण विसंबत नाही. दुसऱ्या उपकरणाने पडताळून घेतो. इथे दुसरं उपकरण म्हणजे रुग्ण स्वतः.

पुढच्या काळात या कल्पनेला अधिक सुटसुटीत रूप आलं. प्रत्येक बैठकीच्या आगेमागे रुग्णाकडून एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि ती लगेच उपचारकाला दाखवायची, या रीतीवर बरेच प्रयोग झाले. त्याचा फायदा दिसतो तो लहानच, आणि सगळ्या अभ्यासांत तो सारखा दिसत नाही. तरी ज्यांची गाडी रुळावरून घसरते आहे अशा रुग्णांकडे वेळेवर लक्ष जावं यासाठी ती उपयोगी ठरू शकते. गिनीने दोन वर्षं पानंच्या पानं लिहून जे साधलं, त्याचा हा चार ओळींचा नमुना म्हणायचा.

वर्गात करून पाहण्यासाठी

शिक्षक हा मानसोपचारक नव्हे आणि वर्ग म्हणजे दवाखाना नव्हे. पण दोन वह्यांचा प्रयोग वर्गात करून पाहता येतो. त्याला खर्च नाही.

एक नेहमीचा तास घ्या. तास संपायच्या पाच मिनिटं आधी मुलांना कागदाचे चिटोरे द्या आणि नाव न घालता तीन ओळी लिहायला सांगा: आज काय महत्त्वाचं वाटलं, काय कळलं नाही, काय विचारावंसं वाटलं पण विचारलं नाही. त्याच वेळी तुम्हीही तीन ओळी लिहा: आज मी काय पोचवलं, मुलांना काय अवघड गेलं असेल, त्यांना काय विचारायचं असेल. मुलांचे चिटोरे वाचण्याआधी आपला कागद पुरा करायचा, नाहीतर प्रयोग फसला. मग ताडून पाहा. आठवीच्या पुढच्या वर्गात मुलांनाच चिटोऱ्यांची वर्गवारी करायला दिली, तर त्यांना नोंद, पुरावा आणि अनुमान यांतला फरक हातांनी शिकता येईल.

तीन पथ्यं पाळायची. अक्षर ओळखून कुणी लिहिलं हे शोधायचं नाही. चिटोऱ्यांवर गुण द्यायचे नाहीत. आणि मिळालेल्या एखाद्या तरी सूचनेवर दुसऱ्या दिवशी काहीतरी करायचं. नाहीतर तिसऱ्या खेपेला सगळे चिटोरे गोड गोड येतील. एखाद्या चिटोऱ्यावर धड्यापलीकडचं दुखणं उमटलं, तर ते वर्गात वाचायचं नाही. तेव्हा शिक्षकाचं काम ऐकून घेण्याचं, मुलाला एकटं न सोडण्याचं आणि जाणकारांपर्यंत नेण्याचं. त्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे.

या प्रयोगात तुमचा आणि मुलांचा कागद किती जुळला याचा आकडा फार महत्त्वाचा नाही. पहिल्या खेपेला तो फारसा जुळणार नाही. यालोम यांचाही जुळला नव्हता. पण त्यांनी निदान दुसरी वही मागून घेतली, वाचली आणि छापलीही. आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे, की ती आपण मागावी.